स्वखुशीने

त्या कागदावरची ओळ मला अजून पाठ आहे. "मी सदर वाहन स्वखुशीने फायनान्स कंपनीच्या ताब्यात देत असून याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही." खाली माझी सही. वेळ सकाळी ११ वाजून २० मिनिटं. मार्च २०२४ मधला सोमवार होता. लेकीचा दहावीचा गणिताचा पहिला पेपर नुकताच सुरू झाला होता आणि मी परीक्षा केंद्राबाहेर, कडुनिंबाखाली गाडी लावून बसले होते.

याबद्दल मी आजवर कुठे लिहिलं नाही. माहेरीसुद्धा सगळं सांगितलेलं नाही. पण गेल्या आठवड्यात आमच्या बालवाडीतल्या एका मुलीची आई शाळा सुटल्यावर मागे थांबली. सगळे गेल्यावर हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचीपण गाडी ओढून नेली होती ना? मग परत कशी आणली?" तिच्या नवऱ्याच्या पिकअपचे दोन हप्ते थकलेत. ती रात्री झोपत नाही. तिला तिथे उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही, ते इथे लिहिते आहे.

आम्ही राहतो नाशिकला, पाथर्डी फाट्याला. नवऱ्याचा धंदा कांद्याच्या जाळीच्या गोण्यांचा. पिंपळगाव, लासलगाव, निफाड भागातल्या व्यापाऱ्यांना माल पुरवायचा, महिना-दीड महिन्याच्या उधारीवर. २०२१ च्या दसऱ्याला आम्ही अर्टिगा घेतली. अडीच लाख खिशातले आणि ७ लाख २० हजारांचं कर्ज, पाच वर्षांसाठी. हप्ता १५,४७६ रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. सलग पंचवीस हप्ते एकही न चुकता गेले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर फोनवर बोलणाऱ्या प्रत्येकाने आम्ही जन्माचे बुडवे असल्यासारखा सूर लावला होता.

मग कांद्याचं ते वर्ष आलं. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. कसंबसं सुरळीत होतंय म्हणेपर्यंत ८ डिसेंबरपासून निर्यातबंदीच आली, ती थेट मे महिन्यात उठली. कांदा अडला की गोणी अडते आणि गोणी अडली की आमचं घर अडतं. व्यापारी वाईट नव्हते. त्यांचाच माल अडकला होता, ते आम्हाला कुठून देणार? नवऱ्याची साडेचार लाखांची उधारी बाजारात आणि खात्यात हप्त्यापुरते पैसे नाहीत, अशी गत झाली. डिसेंबरचा हप्ता बाउन्स झाला. जानेवारीचा झाला. फेब्रुवारीचा झाला. ५ मार्चला चौथा.

मला यातलं काही माहीत नव्हतं. कर्ज त्याच्या नावावर, मेसेज त्याच्या मोबाईलवर. तो फोन घेऊन गॅलरीत जायचा, मला वाटायचं वसुलीसाठी व्यापाऱ्यांशी बोलतोय. वसुलीचेच फोन होते, फक्त उलट्या दिशेचे. आधी तो "पुढच्या आठवड्यात भरतो" म्हणायचा. पुढचा आठवडा तीनदा होऊन गेल्यावर त्याने अनोळखी नंबर उचलणंच सोडून दिलं. लेकीची दहावी, आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन, यात मला आणखी ताण नको म्हणून सांगितलं नाही, असं तो नंतर म्हणाला. मी त्याला यासाठी दोष देत नाही. पण मला डिसेंबरातच कळलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला नीट माहीत आहे.

तर तो सोमवार. दोन मोटरसायकली आल्या, चार मुलं. लेकीपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असतील, एवढंच वय. एक जण गाडीच्या मागे गेला, मोबाईलमध्ये नंबर टाकला आणि बाकीच्यांकडे बघून नुसती मान हलवली. दुसरा माझ्या खिडकीशी आला.

"ताई, गाडीवर चार हप्ते बाकी आहेत. यार्डला लावायचीय."

मी म्हटलं, "काहीतरी चुकतंय दादा, आमचे हप्ते वेळेवर जातात."

त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. नवऱ्याचं नाव, गाडीचा एमएच १५ चा नंबर, थकबाकीचा आकडा. सगळं बरोबर होतं. मी ओळखपत्र मागितलं. त्याने गळ्यातलं कार्ड दोन बोटांत धरून उचललं आणि वाचायच्या आत सोडून दिलं. मग अगदी शांतपणे म्हणाला, "चावी द्या आणि इथे सही करा. उगाच तमाशा नको. सगळे पालक बघतायत."

त्याने आवाज चढवला नाही, गाडीला हात लावला नाही. त्याला तशी गरजच पडली नाही. पलीकडच्या टपरीवर लेकीच्या वर्गातल्या तीन मुलींच्या आया उसाचा रस पीत उभ्या होत्या. त्यातल्या एकीने माझ्याकडे बघून हात केला. मी पण हात केला आणि हसले. हसतानाच दुसऱ्या हाताने नवऱ्याला फोन लावला. त्याला सांगितलं, गाडीजवळ माणसं आलीत. बराच वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "दे."

बॉनेटवर कागद ठेवून मी सही केली. वाचलं नाही. दुसरा कागद गाडीतल्या सामानाच्या यादीचा होता. त्या मुलाने एकेक बघत लिहिलं. स्टेपनी १, जॅक १, टेप १, मॅट ४, पाण्याची बाटली २, गणपतीचा फोटो १, वही १. त्याचं अक्षर चांगलं होतं, हे मला का लक्षात राहिलं कुणास ठाऊक. मला प्रत कुणी दिली नाही, पण मी दोन्ही कागदांचे मोबाईलवर फोटो काढले. त्या सबंध सकाळी माझ्या हातून घडलेली शहाणपणाची गोष्ट तेवढी एकच, आणि पुढे सगळं तिच्याच जोरावर झालं.

गाडी गेली. एकच्या सुमारास पेपर सुटला. लेक आली, म्हणाली पेपर सोपा होता, आणि मग इकडेतिकडे बघत, "आई, गाडी?" मी म्हटलं, सर्व्हिसिंगला दिली. रिक्षात बसल्यावर तिला आठवलं, "माझी भूमितीची वही मागच्या सीटवर आहे!" परवा भूमितीचा पेपर होता. यादीतली ती 'वही १'.

संध्याकाळी आबांना सांगावंच लागलं. आबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मुलावर चिडले नाहीत. एकच विचारलं, "नोटीस कुठंय?"

नोटीस आम्हाला आलीच नव्हती. म्हणजे आली होती, पण पंचवटीतल्या जुन्या भाड्याच्या घरी. कर्ज घेतलं तेव्हा आम्ही तिथे राहत होतो. २०२२ मध्ये इकडे आलो, आधारवर पत्ता बदलला, गॅसचा बदलला, फायनान्स कंपनीत बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मंगळवारी सकाळी मी पंचवटीत गेले. घरमालकीण काकूंनी देवघराच्या फडताळातून दोन लिफाफे काढून दिले. "पोस्टमनने सही घेऊन दिले, तुमचा फोन नंबर बदललेला," म्हणाल्या. एक जानेवारीचा, थकबाकी भरा म्हणून. दुसरा फेब्रुवारीचा, पंधरा दिवसांत न भरल्यास वाहन ताब्यात घेऊ म्हणून. म्हणजे कंपनीच्या दृष्टीने आम्हाला कळवून झालं होतं. राहता पत्ता कळवायचं काम आमचं होतं, हे मला मान्य करावं लागलं.

तिथून मी तशीच पुढे ओझरच्या अलीकडच्या यार्डात गेले. आग्रा रोडवरून आत कच्चा रस्ता, पत्र्याचं कुंपण. वॉचमन म्हणाला, शाखेचं पत्र असल्याशिवाय गाडीपाशी जाता येणार नाही. मी त्याला सांगितलं, मला गाडी नको, वही पाहिजे, मुलीचा उद्या पेपर आहे. तो म्हातारा माणूस होता. त्याने कुणाला तरी फोन लावला आणि मला खुर्ची दिली. तासभर बसले मी तिथे.

त्या तासात मी जे पाहिलं ते डोळ्यांसमोरून जात नाही. मला वाटलं होतं आमच्यासारख्या कार असतील. कार थोड्याच होत्या. ट्रॅक्टर होते, रांगेने. छोटे हत्ती होते, रिक्षा होत्या, पिकअप होत्या. प्रत्येकाच्या काचेवर पिवळ्या खडूने नंबर. एका पिकअपच्या मागे द्राक्षाचे रिकामे क्रेट तसेच, तळाशी सुकलेली पानं. तिचा मालक दिंडोरीकडचा, तोही कुंपणाशी उभा होता. त्याने माझ्याकडे बघून न विचारताच सांगितलं, "ऐन खुड्यात नेली हो." मार्च म्हणजे द्राक्षाचा खुडा जोरात. ज्या गाडीने चार पैसे मिळवून हप्ता फिटणार, तीच गाडी खुड्यात उभी. मला याचं गणित तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. थकलेले पैसे वसूल व्हावेत हे मला पटतं. माणसाचा कमवायचा हातच बांधून ते कसे वसूल होणार, हे कुणीतरी मला समजावून सांगावं.

तासाने सुपरवायझरचा होकार आला. वॉचमनने दार उघडलं, वही काढली, यादीत 'वही १' वर रेघ मारली आणि बाजूला माझ्याकडून 'मिळाली' लिहून घेतलं. वही छातीशी धरून मी ओझरच्या स्टॉपवर बसची वाट बघत रडले. गाडी नेली तेव्हा आलं नव्हतं ते रडू तिथे आलं.

बुधवारी शाखेत गेलो, नवरा आणि मी. तिथे सांगण्यात आलं की खातं नव्वद दिवसांच्या वर गेलंय, एनपीए, म्हणजे बुडीत धरलेलं खातं झालंय, आता चार हप्ते भरून चालणार नाही, सगळं कर्ज एकरकमी फेडा. ४ लाख ६५ हजार मुद्दल, वर व्याज, वर दंड. नाहीतर लिलाव. नवरा खाली बघत बसला. मी सरेंडर लेटरबद्दल, म्हणजे सही घेतलेल्या त्या कागदाबद्दल विचारलं तर समोरचे म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतः स्वखुशीने गाडी दिलीय."

त्या शब्दाने माझ्या आत काहीतरी ताठ झालं. मी तिथून उठले आणि सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात वकिली करणाऱ्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडे गेले. ती जे बोलली ते सगळं लिहिते, कारण हे आपल्याला कुणी सांगत नाही.

तिने आधी माझा राग उतरवला. म्हणाली, हप्ते थकले तर गाडी ताब्यात घ्यायचा हक्क करारात असतो, तुम्हीच सह्या केलेल्या असतात. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीवर, त्यांचं नाव चढलेलं असतं. त्यामुळे 'गाडी घेताच येत नाही' या भ्रमात राहू नकोस. पण कशी घ्यायची याला नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे करारातच लिहिलेलं असावं लागतं की ताब्यात घेण्याआधी किती दिवसांची नोटीस, कुठल्या परिस्थितीत नोटिशीशिवाय, ताबा कसा घेणार, विकण्याआधी कर्जदाराला पैसे भरायची शेवटची संधी कशी देणार आणि गाडी परत कशी देणार. "शेवटची संधी" हे तिने दोनदा म्हटलं. "तुझ्या करारात ते कलम असणार. शोध."

मग जबरदस्तीचं. गुंड पाठवून वसुली करता येणार नाही, कायद्याच्या मार्गानेच गाडी ताब्यात घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या निकालात सांगितलं आहे. पाटणा उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये एजंटांकरवी जबरदस्तीने गाड्या ओढण्याला बेकायदा ठरवलं. म्हणूनच, ती म्हणाली, हल्ली सरेंडर लेटरवर सही घेतात. जबरदस्ती झालीच नाही, माणसाने आपणहून दिली. "आणि गंमत म्हणजे," ती माझ्या मोबाईलमधला फोटो मोठा करून बघत म्हणाली, "कर्जात तू कुठे आहेस? तू कर्जदार नाहीस, सहकर्जदार नाहीस, जामीनदार नाहीस. दुसऱ्याचं वाहन तू स्वखुशीने देणारी कोण?"

जामीनदार माझा धाकटा भाऊ आहे. तो सिन्नरला मुसळगावच्या एमआयडीसीत नोकरी करतो. त्याला त्या दोन महिन्यांत रात्री साडेनऊ-दहाला फोन येत होते आणि त्यानेही मला कळू दिलं नव्हतं, दाजींची अब्रू जाईल म्हणून. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ ला काढलेल्या परिपत्रकात स्पष्ट आहे की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकावायचं नाही, घरच्यांना आणि ओळखीच्यांना त्रास द्यायचा नाही. भावाच्या कॉल लॉगमध्ये सगळ्या वेळा होत्या. त्याने स्क्रीनशॉट पाठवले आणि सोबत एक ओळ, "ताई, मला आधी सांगायचं ना." आम्ही सगळे एकमेकांना जपत होतो आणि त्यातच गाडी गेली.

मैत्रिणीने मला एकच करायला सांगितलं, सगळं लेखी. प्रत्येक शाखेत तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर भिंतीवर लावलेलं असावं लागतं. ते होतं, पाणी प्यायच्या मशिनच्या मागे. त्या पत्त्यावर नवऱ्याच्या नावाने आम्ही मराठीत मेल केला. त्यात पाच मागण्या होत्या. कराराची प्रत, खात्याचा पूर्ण उतारा, एजंटच्या नावाचं अधिकारपत्र, पोलिसांना गाडी नेण्याआधी दिलेलं पत्र आणि गाडी ओढण्याच्या खर्चाची पावती. खाली लिहिलं की सही करणारी व्यक्ती कर्जदार नाही, ती सही भररस्त्यात पालकांसमोर घेतली आणि आम्हाला थकबाकी भरून खातं नियमित करायचं आहे. भावाचे स्क्रीनशॉट जोडले. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. पण मैत्रिणीने बजावलं होतं की तक्रार केली म्हणून लिलाव आपोआप थांबत नाही, त्याला कोर्टाचा आदेश लागतो. म्हणून तक्रारही करायची आणि पैशांची जुळवाजुळवही सोडायची नाही.

मी पोलीस ठाण्यातही गेले होते. तिथे सांगितलं की कंपनीचं पत्र आधीच आलेलं आहे, हा पैशांचा वाद आहे. हवालदार चांगले बोलले. तेवढंच.

मेलला चौथ्या दिवशी शाखेतून फोन आला. आवाज बदललेला होता. चार हप्ते आणि चार्जेस भरले तर गाडी सोडतो, म्हणाले. करारात शेवटच्या संधीचं कलम खरोखर होतं, चाळीसेक पानी इंग्रजी करारात एकतिसाव्या पानावर. हिशेब आला तो असा. चार हप्त्यांचे ६१,९०४. बाउन्सचे प्रत्येकी ५९० प्रमाणे २,३६०. दंडव्याज ३,७१४. गाडी ओढण्याचे १५,००० आणि यार्डाचं भाडं रोजचे १५० प्रमाणे नऊ दिवसांचे १,३५०. एकूण ८४,३२८. मी १५ हजारांची पावती मागितली. दोन दिवस पावती सापडत नव्हती. मग त्याचे ८,००० झाले. पावती नाही म्हटल्यावर सात हजार कमी होतात, ही गोष्ट मी कधी विसरणार नाही. शेवटी भरायचे होते ७७,३२८.

पैसे कुठून आणले तेही सांगते. आमच्या बिल्डिंगमध्ये वीस जणींची दोन हजारांची भिशी आहे. माझा नंबर जूनमध्ये होता. मी त्या संध्याकाळी भिशीच्या बैठकीत उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, आमची गाडी फायनान्सने नेलीय, मला या महिन्याचा नंबर द्या. परीक्षा केंद्राबाहेर ज्या लाजेपायी मी न वाचता सही केली, ती लाज इथे बाजूला ठेवायला मला फार बळ लागलं. ज्यांचा नंबर होता त्या मावशींनी एक प्रश्न न विचारता पाकीट माझ्या हातात दिलं. चाळीस हजार. त्या रात्री आणखी दोघींनी फोन करून सांगितलं की त्यांच्याकडेही असंच झालं होतं. एकीची स्कूटी, एकीच्या दिराचा ट्रॅक्टर. वीस जणींत आम्ही तिघी, आणि एकीलाही दुसरीचं माहीत नव्हतं.

भावाने वीस हजार दिले. उरलेले सतरा हजार पिंपळगावच्या एका व्यापाऱ्याने दिले, आमच्याच उधारीतले. नवरा त्यांच्या ओट्यावर सकाळी सात ते दुपारी दोन बसून होता. वरचे तीनशे अठ्ठावीस आबांनी त्यांच्या डबीतून काढून दिले.

दहाव्या दिवशी सोडपत्र घेऊन आम्ही यार्डात गेलो. गाडीवर बोटभर धूळ, काचेवर पिवळा नंबर, बॅटरी उतरलेली. वॉचमनने दुसऱ्या गाडीवरून वायर जोडून चालू करून दिली. यादी घेऊन मी एकेक वस्तू ताडून पाहिली, मगच सही केली. या वेळी शब्दन् शब्द वाचून. पोहोचपावतीवर लिहिलं होतं, 'वाहन सुस्थितीत मिळाले'. मी पेन घेऊन पुढे लिहिलं, 'बॅटरी उतरलेली, डाव्या दारावर नवा ओरखडा'. सुपरवायझर काही बोलला नाही. दिंडोरीवाल्याची पिकअप तिथेच होती.

त्यानंतर मी शाखेकडून आणखी एक पत्र मागून घेतलं, खातं नियमित झालं, वाहन कर्जदाराला परत दिलं आणि सरेंडर लेटर रद्द समजावं. ते मिळवायला तीन चकरा झाल्या. पत्ताही तेव्हाच बदलून घेतला. सिबिलवर, म्हणजे बँका बघतात त्या कर्जफेडीच्या नोंदीवर, मात्र त्या चार महिन्यांचा डाग आहे. तीन वर्षांचा महिनेवार तपशील त्यात दिसतो, त्यामुळे तो इतक्यात जाणार नाही. भावाला घरासाठी कर्ज काढायचं होतं, त्याला बँकेत आमचं पत्र दाखवून समजावून सांगावं लागलं. जामीनदार म्हणजे नुसती सही नसते. कर्जदाराइतकंच देणं त्याच्याही अंगावर येतं आणि थकबाकी त्याच्याही खात्यात दिसते. हे आपण सही घेताना पाहुण्यांना सांगत नाही. आम्हीही सांगितलं नव्हतं.

हप्ते तेव्हापासून वेळेवर चालू आहेत. शेवटचा ऑक्टोबर २०२६ मध्ये. मग एनओसी, म्हणजे कंपनीचा ना-हरकत दाखला, आणि फॉर्म ३५ घेऊन पेठ रोडच्या आरटीओत जायचं, आरसीवरचा बोजा उतरवायचा. आबा म्हणतात, मी येईन बरोबर.

आता त्या मुलीच्या आईसाठी. तुझे दोनच हप्ते थकलेत, नव्वद दिवस झालेले नाहीत, म्हणजे तुझ्या हातात अजून पुष्कळ आहे. निम्मा हप्ता असला तरी भर आणि पावती घे. फोन उचला, पण जे बोलाल ते त्याच दिवशी मेलवर किंवा अर्जात लिहून पोहोच घ्या. कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, हे लेखी विचारा. 'सेटलमेंट करून टाका' असं कुणी गोड बोलून सांगितलं तर आधी विचार, सिबिलवर काय लिहून येणार? 'सेटल्ड' म्हणजे पूर्ण फेडलं असं नाही, पुढची कर्जं त्यावर अडतात. गाडी लिलावात गेली आणि कमी पैसे आले तर उरलेलं देणं तुमच्याच अंगावर राहतं, हेही नवऱ्याला सांग. गाडी गेली म्हणजे सुटलो असं त्याला वाटत असेल. माझ्या नवऱ्याला वाटलं होतं. गाडीत कागदपत्रं आणि मुलांच्या वस्तू ठेवू नका. आणि कुणी रस्त्यात कागद पुढे केला तर कितीही लोक बघत असले तरी तो आधी वाच. त्यात तो शब्द असेल तर सही करू नकोस.

तिला मी आज दुपारी भेटले. तिच्याकडे कराराची प्रत आहे, तिने झेरॉक्स काढून ठेवलीय. पत्ता जुनाच आहे, म्हसरूळचा, आणि आता ते आडगावला राहतात. पत्ता बदलण्याचा अर्ज मी आज रात्री लिहून ठेवते. उद्या सकाळी साडेदहाला आम्ही दोघी तिच्या शाखेत जाणार आहोत.